‘दहापैकी सात तक्रारी खोट्या’ हा हिशेब कुठून आला?

पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कोर्टात जेमतेम २७-२८ टक्के खटल्यांत शिक्षा होते, म्हणजे कॉलेजातल्या लैंगिक छळाच्या दहापैकी सात तक्रारी खोट्याच असतात. विशाखा समिती (लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणारी कॉलेजातली समिती) फक्त मुलीचं ऐकते. मुलाला वकीलसुद्धा देत नाहीत. एका अर्जावर त्याला कॉलेजातून काढतात. आणि खोटं बोलणाऱ्या मुलीला मात्र कुणी हात लावत नाही.

एका कॉलेजच्या अशा समितीवर मी काही वर्षं बाहेरची सदस्य होते. खोटी तक्रार होऊच शकत नाही, असं मी म्हणणार नाही. ज्या मुलावर खोटा आळ येतो त्याची झोप उडते, अभ्यास सुटतो, घरातली माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात. हे मी हलकं मानत नाही, आणि म्हणूनच या मजकुराचा मला राग येतो. अशा मुलाला ज्या नियमांचा आधार आहे, ते नियम अस्तित्वातच नाहीत असं हा मजकूर त्याच्याच आईवडिलांना सांगतो.

आधी आकडा. २७-२८ टक्के हे बलात्काराच्या खटल्यांमधलं शिक्षेचं प्रमाण आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०१८ ते २०२२ या वर्षांच्या बहुतेक अहवालांत ते साधारण एवढंच दिसतं. ते निकाल लागलेल्या खटल्यांचं आहे. कॉलेजच्या समित्यांकडे आलेल्या तक्रारींशी त्याचा काही संबंध नाही. शिवाय सुटका झाली याचा अर्थ गुन्हा संशयातीतपणे सिद्ध झाला नाही, एवढाच. साक्षीदार फितूर होतात, वैद्यकीय तपासणीला उशीर होतो, तपास कच्चा राहतो, वर्षानुवर्षं तारखा पडून तक्रारदार थकते. घरफोडीच्या खटल्यात आरोपी सुटला म्हणून ‘घर फुटलंच नव्हतं’ असं आपण कधी म्हणतो का?

खोट्या खटल्यांबद्दल खरंच जाणून घ्यायचं असेल तर ‘द हिंदू’ने २०१४ मध्ये केलेली पाहणी बघावी. दिल्लीच्या जिल्हा न्यायालयांनी २०१३ मध्ये निकाली काढलेली बलात्काराची प्रकरणं त्यांनी वाचली. पूर्ण सुनावणी झालेल्या ४६० खटल्यांपैकी १८९ खटले परस्परसंमतीच्या, किंवा तसं सांगितल्या गेलेल्या, संबंधांचे होते. त्यांत नेहमी दिसणारं चित्र असं: मुलगा-मुलगी पळून गेले आणि मुलीच्या घरच्यांनी मुलावर गुन्हा दाखल केला. म्हणजे सूडाने पेटलेली मुलगी शोधायला गेलं तर बऱ्याचदा तिचं प्रेम मान्य नसलेला बाप सापडतो. त्या मुलांवर अन्याय झालाच, पण त्याचं खापर कॉलेजात तक्रार करणाऱ्या मुलीच्या डोक्यावर का फोडायचं?

आता ‘समिती फक्त मुलीचं ऐकते’ याबद्दल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार तक्रार आल्यापासून सात दिवसांच्या आत तिची प्रत ज्याच्यावर आरोप आहे त्याला द्यावी लागते. पुढच्या दहा दिवसांत त्याने आपलं उत्तर, कागदपत्रं आणि साक्षीदारांची यादी द्यायची. चौकशी ९० दिवसांत संपवायची आणि अहवाल दोघांनाही द्यायचा. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर समितीत निवडून आलेले तीन विद्यार्थी हवेत. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना समितीवर बसता येत नाही.

हे नियम प्रत्यक्षात कसे मोडतात, तेही सांगते. (ओळख पटेल असं काही लिहिणार नाही, गोपनीयतेचा नियम मलाही लागू आहे.) एका प्रकरणात मुलगा पहिल्या बैठकीला आला, खुर्चीच्या कडेवर टेकला. अध्यक्षांनी विचारलं, ‘तुझं काय म्हणणं आहे?’ तो म्हणाला, ‘मॅडम, पण मी काय केलंय असं म्हणणं आहे?’ त्याला प्रत मिळालीच नव्हती. गोपनीयता म्हणजे त्यालाही कागद दाखवायचा नाही, अशी कार्यालयाची समजूत होती. आम्ही बैठक तिथेच थांबवली, झेरॉक्स काढली, पोच घेऊन त्याच्या हातात दिली आणि दहा दिवसांची मुदत दिली. बाहेर बाकावर बसलेल्या मुलीला हे सांगणं मला फार जड गेलं. आम्ही त्याला पळवाट काढून देतोय, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

दहा दिवसांनी तो उत्तर घेऊन आला. सोबत मेसेजचे स्क्रीनशॉट होते, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या वरच्या कडेला एक ओळ अर्धी कापलेली होती. आम्ही दोघांकडूनही सगळं संभाषण मागितलं. कापलेल्या भागात तिने तीनदा ‘नको’ म्हटलेलं निघालं. तक्रार खरी ठरली. त्याने अपील केलं, ते टिकलं नाही, कारण ‘माझं ऐकूनच घेतलं नाही’ म्हणायला त्याला जागा उरली नव्हती. त्या दहा दिवसांचा फायदा शेवटी तिलाच झाला.

अशी जागा राहिली तर काय होतं, ते गोवा विद्यापीठाच्या प्रकरणात दिसलं. विद्यार्थिनींच्या २००९ मधल्या तक्रारींवरून एका प्राध्यापकांना बडतर्फ केलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी ती बडतर्फी रद्द केली. समितीने घाईघाईत चौकशी उरकली, बचावाला पुरेसा अवसर दिला नाही, म्हणून प्रकरण पुन्हा समितीकडे गेलं. आरोप खरे की खोटे, हे चौदा वर्षांनीही ठरलं नव्हतं. देशभरात समित्या खरोखर नेमल्या आहेत का, ते तपासा, असा आदेशही न्यायालयाने त्याच निकालात दिला. ग्रुपवर पाठवायचंच असेल तर ते हे पाठवा.

वकिलाचा मुद्दा अर्धा खरा आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा जो कायदा आहे, त्याच्या नियमांनुसार समितीपुढे वकील आणता येत नाही, पण तो मुलीलाही आणता येत नाही. जिथे नाव पटावरून कमी होण्याची वेळ येऊ शकते, तिथे दोघांनाही विश्वासातलं एखादं माणूस शेजारी बसवू द्यावं, असं माझं मत आहे. तशी मागणी कुणी केली तर मी तिच्या बाजूने उभी राहीन.

‘एका अर्जावर काढतात’ हे मात्र साफ चुकीचं आहे. चौकशी चालू असताना तुकडी बदलता येते, अंतर ठेवण्याची ताकीद देता येते. आवारात येण्यास बंदी घालायची तर ठोस धोका असावा लागतो. आरोप सिद्ध झाल्यावरही सक्तीचं समुपदेशन, सवलती काढून घेणं, ठरावीक मुदतीचं निलंबन अशा पायऱ्या आहेत, आणि कायमचं काढणं ही शेवटची पायरी. शिफारशींविरुद्ध ३० दिवसांत अपील दोघांनाही करता येतं.

राहिला खोट्या तक्रारीचा प्रश्न. जाणूनबुजून खोटी तक्रार किंवा बनावट पुरावा दिल्याचं ठरलं तर तक्रारदार विद्यार्थिनीलाही याच शिक्षा होऊ शकतात. २०१३ च्या कायद्याचं कलम १४ आणि आयोगाचे नियम दोन्हीकडे ते लिहिलेलं आहे. मात्र नुसती तक्रार सिद्ध करता आली नाही म्हणून कारवाई होत नाही. दुष्ट हेतू वेगळा सिद्ध व्हावा लागतो. हा फरक पुसला तर एकांतात घडलेल्या गोष्टीबद्दल कुणीच तोंड उघडणार नाही, मुलगेसुद्धा.

हो, मुलगेसुद्धा. काही मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही अशा छळाला बळी पडू शकतात, हे आयोगाच्या नियमांतच नोंदवलेलं आहे. एकदा पहिल्या वर्षाचा एक मुलगा चार घड्या घातलेला कोरा कागद घेऊन आला. वसतिगृहातल्या सिनियर मुलांबद्दल त्याला सांगायचं होतं. घरी काहीच सांगितलं नव्हतं, कारण असाच एक मजकूर त्याच्या वडिलांनी घरच्या ग्रुपवर टाकला होता. त्याने आधी विचारलं, ‘मॅडम, माझ्याकडे पुरावा नाही. खोटी ठरली तर मला काढतील का?’ मी नियमांची प्रत उघडून ते वाक्य त्याच्यापुढे धरलं. त्याने दोनदा वाचलं, आणि मग माझ्याकडे पेन मागितलं.