ते अल्पविराम शोभेसाठी नाहीत

नमस्कार. फाइलींची यादी दाखवणारी एलएस ही कमांड आकार पूर्ण बाइटांत, अल्पविराम घालून दाखवेल असा एलियस (कमांडला दिलेलं टोपणनाव) मी लेखात सुचवला होता. त्यावर "एलएस -एलएच असताना आकड्यांत अल्पविराम घालायचा उपद्व्याप कशाला? मॅन्युअल न वाचता लिहिलेला लेख. मॅकवर हे चालतही नाही, आणि असल्या एलियसमुळे स्क्रिप्ट बिघडतात," असं तुम्ही लिहिलंय.

मत वेगळं असू द्या, पण "न वाचता" कशावरून? एलएसच्या --ब्लॉक-साईझ या पर्यायापुढे एकेरी अवतरणचिन्ह आणि १ दिला की हजारांचे गट पडतात, हे लिनक्सवरचा एलएस ज्या संचातून येतो त्या जीएनयू कोअरयुटिल्सच्या मॅन्युअलमध्येच आहे. तिथूनच ते मी घेतलं. तुम्ही तो भाग उघडून पाहिला होता का?

मॅकचं मान्य. तिथल्या एलएसला हा पर्याय कळत नाही, तशी ओळ लेखात घालतो.

आता -एच, म्हणजे आकार के, एम, जी (किलो, मेगा, गिगाबाइट) अशा अक्षरांनी थोडक्यात दाखवणारा पर्याय. जीएनयूचा एलएस -एच देताना आकडा नेहमी वर ढकलतो. १,०७३,७४१,८२५ बाइटची फाइल १.१जी दिसते आणि १,१८१,११६,००६ बाइटचीही १.१जीच. मधले दहा कोटींहून जास्त बाइट यादीतून गायब! दहाच्या पुढे तर दशांशही जातो, १०.१जीची फाइल थेट ११जी होते.

शिवाय ९८०के आणि १.२एम एकाखाली एक आले की नजर आधी ९८०वर जाते, मोठी फाइल मात्र दुसरी. प्रत्येक ओळीत शेवटचं अक्षर वाचून मनात गुणाकार करायचा. पूर्ण बाइट उजवीकडे एका रेषेत असले की लांब आकडा तो मोठा, आणि अल्पविरामांमुळे अंक मोजत बसावं लागत नाही. याला तुम्ही उपद्व्याप म्हणता.

मी वर्षानुवर्षं सर्व्हर सांभाळतोय. एका कामात डेटाबेसचा डंप (सगळा डेटा एका फाइलीत काढलेली प्रत) दुसऱ्या मशीनवर नेला, दोन्हीकडे -एचने सारखाच आकार दाखवला, म्हणून मूळ प्रत पुसली गेली. नवी प्रत शेवटाकडे तुटलेली निघाली. चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून निघणारा पडताळणीचा आकडा) काढायलाच हवा, पण तो काढावा अशी शंका आधी डोळ्यांना यावी लागते. ती रात्र ज्यांनी काढली नाही त्यांनी मला -एच शिकवू नये.

स्क्रिप्टचं म्हणाल, तर बॅश या शेलच्या स्क्रिप्टमध्ये (फाइलीत लिहून ठेवलेल्या कमांड्समध्ये) एलियस मुळात उलगडतच नाही, तुम्ही मुद्दाम सुरू केल्याशिवाय. विषय संपला.

तुमची प्रतिक्रिया काढणार नाही. "न वाचता" हे शब्द मात्र तुम्ही मागे घ्यावेत, एवढी अपेक्षा आहे.