तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका

रविवारी जेजुरीहून येताना मामांनी दिवेघाट उतरून वडकीला गाडी थांबवली आणि पुढच्या चाकांच्या दोन्ही ब्रेक डिस्कवर बाटलीतलं गार पाणी ओतलं. का, तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय. ब्रेक दाबल्यावर पेडल थरथरलं की डिस्क तापून वाकलेली असते, गरम असतानाच पाणी ओता, सरळ होते. थरथर एबीएसचीही (चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) असते, लक्ष देऊ नका. गॅरेजवाले उगाच डिस्क बदलायला लावतात. असा तो मेसेज.

आधी पाणी, कारण ते जिवावर बेतू शकतं. डिस्क बिडाची असते. तापलेल्या बिडाच्या तव्यावर गार पाणी पडलं की काय होतं ते माझ्या आईला विचारा, तिचा तवा तसाच तडकला. घाटभर ब्रेक दाबत उतरलं की डिस्क भयंकर तापते. पाणी पडतं तेवढाच भाग झटकन आकसतो आणि तडा जाऊ शकतो. सरळ काहीही होत नाही! घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, खाली आल्यावर गाडी सावकाश चालवत डिस्क वाऱ्याने गार होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभं राहिलं तरी डिस्कला आवळणाऱ्या पॅडचा ठसा उमटतो.

आता 'वाकली' म्हणतात त्याबद्दल. कॅरोल स्मिथ हे ल मान्स शर्यतीतल्या फोर्ड जीटी-४० गाडीवर काम केलेले रेसिंग इंजिनिअर. त्यांनी लिहून ठेवलंय, की त्यांनी तपासलेल्या प्रत्येक 'वाकड्या' डिस्कवर प्रत्यक्षात पॅडचा माल कमी-जास्त चिकटलेला निघाला. जाडीतला एक-दोन शतांश मिलिमीटरचा फरकही पायाला कळतो. मामांच्या गाडीचं डावं चाक काढलं तर हब (डिस्क ज्यावर बसते तो भाग) आणि डिस्कच्या मध्ये लाल गंजाचा पापुद्रा. त्यामुळे डिस्क तिरकी बसून डोलत होती. हे डोलणं मोजणाऱ्या डायल गेजचा काटा एका फेऱ्यात १५ शतांश मिलिमीटर हलत होता. हब वायर ब्रशने घासून डिस्क परत बसवली, तेव्हा ४ वर आला. शिवाय पंक्चरवाल्याने पान्यावर पाय देऊन नट आवळलेले, एक दगड, शेजारचा सैल.

ब्रेक दाबल्यावर सीट हलत असेल तर मागच्या चाकांचे ब्रेक ड्रम बघा. मोकळ्या रस्त्यावर, हळू वेगात, बटण दाबून धरून हँडब्रेक अलगद ओढा. थरथर आली तर ड्रम गोल राहिलेला नाही.

एबीएस? मामांच्या २००९ च्या गाडीला ते नाहीच. असलं तरी ते जोराच्या ब्रेकला, ओल्या किंवा खडीच्या रस्त्यावर धडधडतं. कोरड्या रस्त्यावर सिग्नलपाशी हलक्या ब्रेकला धडधडलं तर तो बिघाडच.

गॅरेजवाल्यांचं म्हणाल तर काही ठिकाणी ते खरं आहे, मान्य करावं लागतं. पण किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते. मायक्रोमीटर (जाडी मोजायचं साधन) लावून दाखवा म्हणा.

मामांच्या डिस्कची जाडी पुरेशी होती, लेथवर हलका हात मारून भागलं असतं. पण उजवीच्या कडेला केसाएवढा तडा दिसला. तो पाण्यानेच गेला हे शपथेवर सांगता येणार नाही. पुण्याच्या नाना पेठेतून दोन्ही नव्या आणल्या.