हत्तीही भायखळ्यात, घोडाही भायखळ्यात

परवा भाच्याला घेऊन राणीबागेत गेलो. पेंग्विनचा हट्ट, दुसरं काय! वाटेत भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात मोठा दगडी हत्ती दिसला. पोरगं थांबलं. "मामा, हा कुठला?" म्हटलं, घारापुरीचा. "मग इथे काय करतोय?"

घ्या! मी इतकी वर्षं इथून जातोय, मला कधी हे विचारावंसं वाटलं नाही.

पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून बेटाला एलिफंटा म्हटलं, तो हाच. १८६४ मध्ये इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले. उचलताना क्रेनने दगा दिला आणि हत्तीचे तुकडे झाले. ते मुंबईत आले, १९१४ मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा केला. जवळ जाऊन बघा, अंगावर सांधे दिसतात.

आणि याच परिसरात इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड घोड्यावर बसलेला आहे. व्यापारी अल्बर्ट ससूनने शहराला दिलेला हा पुतळा म्हणजेच मूळ काळा घोडा, ज्याच्यावरून फोर्टातल्या त्या भागाला 'काळा घोडा' म्हणतात. १९६५ मध्ये त्याला फोर्टातून इथे हलवलं. म्हणजे मुंबईतली दोन नावं ज्या जनावरांवरून पडली, ती दोन्ही जनावरं भायखळ्यात, आणि आपण त्यांच्यासमोरून पेंग्विन बघायला जातो.

माझं म्हणणं एवढंच, की वस्तू कुठे ठेवली यावर आपण तिला काय समजतो ते ठरतं. घारापुरीला हा हत्ती होडीतून येणाऱ्याला बेटाची खूण होता. इथे हिरवळीवर तो बागेची शोभा झाला. काही जण म्हणतील, परत नेऊन ठेवा. मला नाही पटत. ते सांधे हाही त्याचा इतिहासच, आणि तो इथे घडलाय. पण आपल्याकडच्या पाट्या बहुतेक वेळा दगड कुठला, शतक कुठलं, एवढ्यावर थांबतात. कोणी उचलला, का उचलला, कसा फुटला, हे पाटीवर मोठ्या अक्षरात हवं.

संग्रहालयात मुंबईच्या माणसांच्या मातीच्या छोट्या प्रतिमा आहेत. कामगिरी सुरेख, वादच नाही. पण लहानपणी त्या बघून मला वाटायचं, एका जातीची एकच पगडी असते. ती इंग्रजांच्या खानेसुमारीची, म्हणजे माणसं मोजून जातीच्या खणांत बसवणारी नजर होती हे कळायला चाळिशी उजाडली.

काळ्या घोड्याच्या जुन्या जागी २०१७ पासून नवा घोडा आहे, बिनस्वाराचा. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मग राजा पडला का?" हसत हसत पेंग्विनच्या रांगेत उभे राहिलो.