धुऱ्यावरूनच पंचनामा

हवामान बदल रोखण्यासाठीच्या पॅरिस करारातले देश आपल्या कामाचे जे अहवाल देतात, त्यांची आंतरराष्ट्रीय तपासणी कडक करा, असं तुमच्या लेखात म्हटलंय. पटलं, पण अर्धंच. कराराच्या कलम 13 मध्येच लिहिलंय की तपासणी दंड करणारी नसावी, देशाच्या सार्वभौमत्वाचा मान राखावा. देशानं ठरवलेलं प्रदूषण-कपातीचं उद्दिष्ट पुरेसं आहे का, हे तर तज्ज्ञांनी तपासायचंच नाही! मग उरतं काय? तक्ते जुळवणं.

आमच्या यवतमाळकडच्या गावात अतिवृष्टीचा पंचनामा असाच झाला. साहेब धुऱ्यावरूनच फोटो काढून गेले. आत वावरात कपाशीची बोंडं काळी पडून सडत होती, ती कागदावर आलीच नाहीत. कागद मात्र चोख.

निदान अहवाल मराठीत तरी द्या, दोन-चार चुका आम्हीच काढून देतो.