राष्ट्रपती म्हणजे 'नुसता रबर स्टॅम्प'? तो मेसेज पुढे पाठवू नका

डिचोली-फोंड्याच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, राष्ट्रपती नुसता रबर स्टॅम्प, उमेदवाराची संविधानावर निष्ठा असो नसो काय फरक पडतो, आणि आपल्या गोंयकारांचा त्यात संबंधच नाही म्हणे. हे चुकीचं आहे. संविधानातलं कलम ६० वाचा, राष्ट्रपती शपथच घेतात ती संविधान आणि कायद्याचं रक्षण करायची, आणि कलम ६१ प्रमाणे महाभियोग, म्हणजे पदावरून काढायची कारवाई, लागतो तो एकाच कारणाने, संविधानाचा भंग केला म्हणून. मंत्रिमंडळाचा सल्ला मानावा लागतो हे खरंच, पण तो एकदा फेरविचाराला परत पाठवता येतो. १९९७ मध्ये के. आर. नारायणन यांनी उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावायची शिफारस अशीच परत पाठवली आणि सरकारने ती सोडून दिली. असं करायला माणूस तसाच घट्ट लागतो!

राष्ट्रपती निवडताना आपण थेट मत देत नाही, बरोबर, पण आपले ४० आमदार देतात, प्रत्येकाच्या मताचं मूल्य २०, म्हणजे एक मत २० धरून मोजतात, शिवाय खासदार आहेतच, आणि या मतदानाला पक्षाचा व्हिप, म्हणजे अमुकालाच मत द्या असा पक्षाचा आदेश, लागू नसतो. मग उमेदवार संविधान किती मानतो हे पाहिलंत का, असं आपल्या आमदाराला विचारायला काय हरकत? तो मेसेज कृपा करून थांबवा, आधी पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.