मादी एकदा गावठी कुत्र्याला लागली की कायमची बिघडते? अजिबात नाही

सध्या नाशिकमधल्या कुत्रेवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, कॉलेज रोडपासून नाशिकरोडपर्यंत सगळ्यांकडे आलाय. त्यात म्हटलंय की मादी एकदा गावठी कुत्र्याला लागली की तिची पुढची सगळी पिल्लं भेसळीची, एका लिटरचा (एका वेळी झालेल्या पिल्लांचा) बाप एकच असतो, रंगावरून बाप ओळखता येतो, घरातल्या घरात, म्हणजे जवळच्या नात्यात, मेटिंग केलं की लाईन (वंश) पक्की होते, आणि केसीआयचा (केनेल क्लब ऑफ इंडियाचा) नोंदणीचा पेपर असला की डीएनए टेस्ट म्हणजे नुसता पैसे काढायचा धंदा. यातलं एकही जसंच्या तसं खरं नाही, आणि पहिल्या वाक्यापायी लोक धडधाकट माद्या रस्त्यावर सोडून देतात म्हणून मला राहवलं नाही.

तर आधी तेच घेऊ. पिल्लाला ३९ क्रोमोसोम (जनुकं असलेले धागे) आईकडून येतात आणि ३९ बापाकडून, आणि बाप म्हणजे त्याच हीटमध्ये (माजावर असताना) ज्या नराचा शुक्राणू त्या बीजाला मिळाला तो, मागच्या वर्षी कोण आला होता याचा काही संबंध नाही. शुक्राणू मादीच्या पोटात काही दिवस जगतात, सहा महिन्यांनी येणाऱ्या पुढच्या हीटपर्यंत नाही. हा समज जुना आहे, १८२१ मध्ये लॉर्ड मॉर्टनच्या घोडीची गोष्ट गाजली (आधी झेब्र्यासारख्या क्वागाशी लागलेल्या घोडीला नंतर घोड्यापासून झालेली शिंगरंही पट्टेरी दिसली म्हणे) तेव्हा मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही तो पटला होता, पण १८९० च्या दशकात कॉसर युअर्ट या प्राणिशास्त्रज्ञाने घोड्या आणि झेब्रा घेऊन प्रयोग केले आणि तो मोडीत निघाला.

बाप एकच, हेही नाही. मादीची बरीच बीजं एकदम सुटतात, ती पक्व व्हायला दोनेक दिवस जातात आणि तोवर आधीच्या मेटिंगचे शुक्राणू जिवंत असतात, म्हणून सोमवारी स्टडकडे (मेटिंगसाठी निवडलेल्या नराकडे) नेली आणि बुधवारी गेट उघडं राहिलं तर एकाच लिटरमध्ये चार पिल्लं एकाची आणि दोन दुसऱ्याची असू शकतात. अशा वेळी प्रत्येक पिल्लाची टेस्ट वेगळी करावी लागते, एकाची करून भागत नाही.

रंगाचं म्हणाल तर काळ्या लॅब्रॅडॉर जोडीला पिवळं पिल्लू झालं की लगेच मादीवर संशय घेतात. अहो, पिवळा रंग लपून राहतो, आईबाप दोघंही काळे असून दोघांकडे त्याच्या जनुकाची एकेक कॉपी असली की पिवळं पिल्लू होऊ शकतं. उलट पिवळ्या-पिवळ्या जोडीला काळं पिल्लू झालं तर मात्र बाप नक्की तपासा.

आता लाईन पक्की करण्याचं, मला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो. सख्ख्या भाऊबहिणीचं मेटिंग केलं तर पिल्लाच्या जनुकांच्या सरासरी २५ टक्के जागी दोन्ही कॉपी एकाच पूर्वजाच्या, अगदी सारख्या येतात. चांगला गुण पक्का होतो तसा लपलेला दोषही पक्का होतो, आणि तो बाहेर येतो तेव्हा पिल्लू कुणाच्या तरी घरात वाढलेलं असतं. डाल्मेशियनचं बघा, शुद्ध म्हणून नोंदलेल्या जवळपास सगळ्यांच्या लघवीत यूरिक अ‍ॅसिड जास्त, त्यामुळे खडे व्हायचा धोका, कारण त्या जातीत चांगली कॉपीच उरली नव्हती. १९७३ मध्ये रॉबर्ट शायबल या जनुकशास्त्रज्ञाने ती कॉपी परत आणायला पॉइंटर या दुसऱ्या जातीशी एकदा क्रॉस केला आणि पुढे पिढ्यान् पिढ्या डाल्मेशियनशीच मेटिंग होत गेलं, तरी अमेरिकन केनेल क्लबने ती लाईन स्वीकारायला २०११ उजाडलं! ब्रिटनच्या केनेल क्लबने तर सख्ख्या भाऊबहिणीची, बाप-लेकीची, आई-मुलाची पिल्लं नोंदवणं २००९ पासून बंद केलंय. आणि ज्यांना आपण गावठी म्हणून हाकलतो त्यांच्यात जनुकीय विविधता या जातवंत जातींपेक्षा जास्त असते. म्हणून ती आजारी पडत नाहीत असं नाही हं, लिगामेंट तुटणं वगैरे मिक्स कुत्र्यांतही भरपूर दिसतं.

राहिला पेपर. पेपरवर बापाचं नाव असतं ते ब्रीडरने सांगितलेलं, मायक्रोचिप कुत्रं ओळखते, बाप नाही. डीएनए टेस्टमध्ये बऱ्याच मार्करवर (डीएनएमधल्या ठरलेल्या जागांवर) बघतात की पिल्लाची एक कॉपी आईशी आणि दुसरी सांगितलेल्या नराशी जुळते का, बऱ्याच ठिकाणी जुळली नाही तर तो बाप नाही. पण एवढंच, जात शुद्ध आहे का किंवा हिप (कमरेचे सांधे) चांगले आहेत का हे ती टेस्ट सांगत नाही, हिपसाठी एक्स-रेच काढावा लागतो. सॅम्पल म्हणजे गालाच्या आतून फिरवलेला ब्रश, मात्र पिल्लू नुकतंच अंगावर प्यालेलं असेल तर आईच्या पेशी तोंडात राहतात, त्यामुळे आधी थोडा वेळ त्याला वेगळं ठेवा आणि प्रत्येक पिल्लाला नवीन ब्रश घ्या.