पालक दिव्यांग असेल, तर अर्जात कुठे लिहायचे?

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. दिवसभर लोकांचे अर्ज भरून देणे हे माझे काम. दिव्यांग व्यक्तीचा अर्ज असला की दिव्यांगत्वाचा प्रकार, टक्केवारी, उत्पन्न आणि सांभाळ करणाऱ्याचे नाव विचारलेले असते. लहान मुलाचा अर्ज असला की मूल दिव्यांग आहे का, हे विचारलेले असते. मुलाचा सांभाळ करणारी आईच दिव्यांग आहे का, किंवा बाप दिव्यांग आहे का, हा प्रश्न एक अपवाद सोडला तर माझ्या पडद्यावर कधी आलेला नाही. त्या अपवादाविषयी पुढे लिहिते.

मला दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. उजव्या पायाला कॅलिपर (पायाला आधार देणारा सांगाडा), दोन्ही काखांत कुबड्या आणि घरी अकरा वर्षांची लेक. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले, त्याचा मलाही आनंद झाला. मात्र तेव्हापासून पोलिओ झालेली माणसेही संपली, असा काहींचा समज झालेला दिसतो. ऐंशीच्या दशकात ज्यांना पोलिओ गाठून गेला, ते आम्ही आज लेकरे वाढवण्याच्या वयात आहोत.

माझी लेक जन्मली तेव्हा आई सव्वा महिना जवळ होती. मग तिकडे कापूस फुटला आणि तिला जावे लागले. नवरा सकाळीच शेतात जायचा. आमच्याकडे तान्ह्या बाळाला लांब केलेल्या पायांवर पालथे घालून न्हाऊ घालतात. माझा उजवा पाय मांडीपासूनच बारीक असल्याने दोन्ही पाय जुळवले तरी एका बाजूला खोलगट जागा राहते, आणि साबण लावलेले बाळ नेमके तिथून घसरते. तीन-चार दिवस जीव मुठीत धरून आंघोळ घातल्यावर मी आईच्या जुन्या लुगड्याची चौपदरी घडी करून त्या मांडीवर ठेवली आणि वरून दुपट्ट्याने बांधली, तेव्हा कुठे दोन्ही मांड्या एका उंचीच्या झाल्या. कुबड्या हातात असल्या की बाळ हातात घेता येत नाही. म्हणून बाळाला वाकळेवर निजवायचे, आपण खाली बसून सरकायचे आणि वाकळ हळूहळू ओढत ओसरीपर्यंत आणायची, असा माझा रोजचा क्रम होता. सारवलेल्या जमिनीवर वाकळ झकास सरकते. फरशीच्या सांध्यावर ती अडते. (घरकुल मिळाल्यावर फरशी घालू नका, असा सल्ला मी त्यामुळेच एका बाईला दिला होता आणि तिने मला वेड्यात काढले.)

यांतले काहीही मला कोणी शिकवले नव्हते. मला चालायला शिकवणारे तज्ज्ञ लहानपणी भेटले, कॅलिपरचे माप घेणारे भेटले. पण मूल उचलायचे कसे, पाजताना बसायचे कसे, रात्री कॅलिपर काढून ठेवलेले असताना रडणाऱ्या बाळापर्यंत पोचायचे कसे, हे सांगणारे एकही माणूस आरोग्यसेवेत भेटले नाही. शेजारची म्हातारी मात्र बोलून गेली, "अवं माय, तुलेच धरा लागते, तू लेकराले कशी धरशीन?" तिचा मला राग आला नाही. तिने तोंडावर विचारले, एवढेच. शासनाच्या योजनांमध्ये हाच प्रश्न न विचारता गृहीत धरलेला असतो, की ज्याला सांभाळावे लागते तो दुसऱ्याला काय सांभाळणार.

ज्या रुग्णालयात माझी प्रसूती झाली, तेथील टेबल इतके उंच होते की दोन आयांनी मला उचलून वर ठेवले. त्यांचे उपकारच म्हणायचे. परंतु नंतर डॉक्टरांनी माझ्या डोक्यावरून माझ्या नवऱ्याला विचारले, "आताच ऑपरेशन करून टाकायचं ना? एक झालं, पुरे आहे." ज्या देहाविषयी बोलणे चालले होते त्या देहाची मालकीण दोन हातांवर पडलेली होती आणि पूर्ण शुद्धीवर होती. नवरा म्हणाला, "तिला विचारा." त्या दोन शब्दांसाठी मी त्याच्या अनेक चुका आजवर पोटात घातल्या आहेत.

तेव्हा २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा नव्हता. आज आहे, आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. मुक्त आणि पूर्ण माहितीवर आधारलेल्या संमतीशिवाय दिव्यांग व्यक्तीवर वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया करता येणार नाही, असे त्याच्या कलम १० मध्ये स्पष्ट आहे. याच कायद्याचे कलम २४ सामाजिक सुरक्षेचे आहे, आणि त्यात दिव्यांग स्त्रियांना उपजीविकेसाठी व त्यांच्या मुलांच्या संगोपनासाठी साहाय्य देण्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या दिव्यांग हक्क करारावर हा कायदा उभा आहे, तो भारताने २००७ मध्ये स्वीकारला. दिव्यांग आईबापांना मुले वाढवण्याच्या कामात योग्य ते साहाय्य देणे हे त्याच्या अनुच्छेद २३ नुसार शासनाचे कर्तव्य ठरते. एवढे सारे कागदावर असताना, संगोपनाच्या त्या ओळीच्या नावाने आमच्या पंचक्रोशीत कोणा दिव्यांग आईला एक रुपया मिळालेला मी पाहिलेला नाही, आणि अर्ज माझ्याच हातून जातात.

खर्च जास्त येतो हे सरकारला ठाऊक नाही, असेही नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्या दिव्यांग महिलेला मूल दोन वर्षांचे होईपर्यंत संगोपनासाठी विशेष भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर तो दरमहा ३००० रुपये झाला आणि पुढे महागाई भत्त्याबरोबर वाढला. अतिशय योग्य तरतूद आहे. मग कापूस वेचायला जाणाऱ्या एका हाताच्या बाईचे मूल त्या दोन वर्षांत कमी रडते का? संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांची दरमहा रक्कम २०२५ मध्ये १५०० वरून २५०० रुपये झाली. दरमहा ६००० रुपयांची मागणी घेऊन त्याच वर्षी जूनमध्ये बच्चू कडू गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसले होते. त्या आंदोलनाविषयी मतभेद असू शकतात. मला एवढेच म्हणायचे आहे की, आकडा कोणताही धरला तरी तो एका माणसाच्या पोटाचा हिशेब आहे आणि त्या माणसाच्या मांडीवरचे मूल त्यात मोजलेले नाही. लग्नाचे मात्र मोजलेले आहे. दिव्यांगाशी अव्यंग व्यक्तीने लग्न केले तर प्रोत्साहनाची रक्कम देणारी योजना राज्यात २०१४ पासून आहे, सुरुवातीला ती रक्कम ५० हजार होती. अक्षता पडेपर्यंत शासन मांडवात हजर असते, पाळणा हलला की ते दिसेनासे होते.

आता तो अपवाद. बालसंगोपन योजनेत मुलाला दरमहा २२५० रुपये मिळतात, आणि त्या योजनेच्या पात्रतेत दोन्ही पालक दिव्यांग असलेली मुले येतात. म्हणजे अनाथ आणि निराश्रित मुलांच्या रांगेत आमच्या मुलांना उभे केलेले आहे. रक्कम उपयोगाची आहे, ती कोणी नाकारू नये, असे मी प्रत्येकाला सांगते. परंतु अट 'दोन्ही' पालकांची आहे. माझा नवरा धडधाकट असल्याने माझी लेक त्यात बसत नाही. तो पहाटे शेतात गेल्यावर घरात उरणारा एकमेव पालक कोण, हे त्या अटीला कळत नाही.

पैशांविषयी इतके लिहिले, तरी माझ्या मते पैसा हा दुसरा मुद्दा आहे. पहिला मुद्दा घरी येणाऱ्या माणसाचा आहे, आणि याचे उत्तर आपल्याला विदर्भाबाहेर शोधायला जावे लागत नाही. नवजात बाळाची काळजी घरी जाऊन घेता येते, गावातीलच बाई ते काम शिकू शकते, हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने करून दाखवले. पुढे तीच पद्धत देशभरातील आशांच्या, म्हणजे गावातील आरोग्य स्वयंसेविकांच्या, कामात आली. दवाखान्यात प्रसूती झाली की आशा तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी येते. माझ्याही घरी आली. बाळाचे वजन केले, तापमान पाहिले, नाळ पाहिली. माझ्याकडे पाहण्याचे तिला कोणी सांगितलेच नव्हते. तरी ती आपणहून पाणी भरून देऊन गेली. तिच्या प्रशिक्षणात एक दिवस या विषयाचा घाला. कुबड्या वापरणाऱ्या आईने बाळाला कसे हलवावे, अंध आईने औषधाचे थेंब मोजण्याऐवजी खुणेच्या पिचकारीने कसे द्यावेत, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या आईला त्याच्या वेदना उठलेल्या दिवशी बाळ कोणाकडे द्यायचे हे आधीच कसे ठरवून ठेवावे, इतके तरी तिला ठाऊक असू द्या. सिकलसेलचा समावेश २०१६ च्या कायद्यातील २१ दिव्यांगत्वांमध्ये आहे, आणि गडचिरोली-चंद्रपूरच्या गावांतून तो आजार असलेल्या आया किती आहेत हे तेथील आशांना विचारावे. अशा घरी बेचाळिसाव्या दिवसानंतरही भेटी वाढवा आणि त्या भेटींचा मोबदलाही वेगळा द्या. फुकटच्या सेवाभावावर आशांना आधीच पुष्कळ ओढून झाले आहे.

सेवा येत नाही तेव्हा तिची जागा मूल घेते. आमच्या गावातील एक जोडपे कर्णबधिर आहे. मुलगा तान्हा असताना आई झोळीची दोरी रात्री मनगटाला बांधून झोपत असे. बाळ हलले की दोरीला ओढ बसे आणि तिला जाग येई. तोच मुलगा आज तिसरीत आहे. मागे वडिलांना रक्तदाबाचा त्रास झाला तेव्हा डॉक्टरांचे बोलणे त्यानेच खुणांनी वडिलांना सांगितले, आणि औषध सोडले तर काय होईल ते सांगताना तो मध्येच थांबला. बँकेत, तहसिलीत, रेशनच्या दुकानात तोच सोबत असतो आणि तेवढे दिवस शाळा बुडते. गाव त्याचे कौतुक करते. मलाही त्याचे कौतुक वाटते, पण आठ वर्षांच्या पोराला दुभाष्या नेमून आपण सारे मोकळे झालो आहोत. शाळेचा निरोपसुद्धा त्याच्याच हाती जातो, आणि स्वतःविषयीची तक्रार तो घरी जशीच्या तशी पोचवत असेल, यावर माझा फारसा विश्वास नाही.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची असते. आमच्याकडे ती सगळ्यांना सारखी वाटून खात्यात टाकतात. वाट्याला इतके थोडे येते की ते आले कधी आणि गेले कधी, हे पासबुक भरून घेतल्याशिवाय कळत नाही. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेसाठी मी एक विषय लेखी दिला आहे. ज्या घरात आई किंवा बाप दिव्यांग आहे आणि मूल दोन वर्षांच्या आतील आहे, त्या घरी रोज दोन तासांसाठी गावातील एक मदतनीस बाई नेमावी आणि तिचे मानधन या निधीतून द्यावे. आमच्या गावात आज अशी तीनच घरे आहेत.

सरपंचताईंनी अर्ज वाचला आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे सरकवला. त्यांनी चष्मा कपाळावर नेला आणि विचारले, "ताई, मानधन बाळासाठी आहे की दिव्यांगासाठी? पाच टक्क्यांत टाकू, की महिला-बालकल्याणाच्या दहा टक्क्यांत?" खरे म्हणजे त्यांची अडचण बरोबर होती, लेखापरीक्षणात उत्तर त्यांनाच द्यावे लागते. मी म्हटले, दोन्हीकडून निम्मे निम्मे टाका. त्यांनी अर्जावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले आणि तो विषयसूचीत नवव्या क्रमांकावर ठेवला. आठवा विषय स्मशानभूमीच्या रस्त्याचा आहे. त्यावर आमच्या गावात तासभर तरी भांडण होते, तेव्हा ज्यांना शक्य आहे त्यांनी शेवटपर्यंत थांबावे.